बूट असू द्या

चष्म्यातल्या आभासी घराला आग लागली. शिकाऊ अग्निशामक शर्वरी पाण्याचा पाइप घेऊन उंबऱ्यापर्यंत धावली आणि खाली वाकून बूट काढू लागली.

"पुन्हा तीच चूक!" कानात एआय परीक्षक ओरडला.

"अहो, समोर देवघर दिसतंय. पायच उचलत नाही!"

"अगं, शेवटची संधी आहे तुझी," प्रशिक्षक कोयंडेसर कळवळले. "आता नापास झालीस तर घरी जाशील!"

एआयने सगळ्या तुकडीचे निकाल तपासले. मग म्हणाला, "सर, सगळ्या तुकडीची हीच चूक. म्हणजे मी बनवलेल्या घरातच काहीतरी कमी आहे."

आग पुन्हा पेटली. या वेळी धुरातून खोकत घरातल्या बाई दारात आल्या.

"अहो, बूट असू द्या, असू द्या! या ना आत!"

शर्वरी बुटांसकट आत घुसली.