चार मिनिटं

नामवंत माणसं जिवंत असतानाच त्यांच्या निधनानंतर दाखवायची फिल्म चॅनेलवाले करून ठेवतात. पॅरिसच्या त्या चॅनेलमध्ये हे काम ओदीलकडे होतं. पंचवीस वर्षं तिथं रात्रीच्या बातम्या दिलेले म्हातारे व्हेरदिए दरवर्षी यायचे, स्वतःची फिल्म बघायचे आणि कॉफी पिऊन जायचे.

यंदा ओदीलनं फिल्म लावलीच नाही.

"का गं, दाखवून टाकलीत की काय?" ते हसले.

"नाही हो साहेब. चॅनेल नव्या ग्रुपनं घेतलंय. एक तारखेपासून जुन्या निवेदकांना वीसच सेकंद."

"आणि तोवर?"

"तोवर तुमची आहे तीच, चार मिनिटांची," ती धीर द्यायला म्हणाली.

व्हेरदिएंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"म्हणजे नऊ दिवस आहेत," ते म्हणाले आणि कॉफी तशीच ठेवून उठले.