केशरी ठसा

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर उघडून रॅमची पट्टी दाखवली. "ही सैल आहे, म्हणून मशीन मधेच अडकतं, बंद पडतं. दोन्हीकडच्या खिट्ट्या उघडल्याशिवाय ही निघत नाही, ताई. घरात कोणी हात घातला होता?"

तीन महिने वैजयंतीची भाषांतरं अर्ध्यावर बुडत होती. नवरा रोज पाठीवरून हात फिरवायचा. "जुनं मशीन आहे. सोड ते काम, कशाला जिवाला त्रास?"

पट्टीच्या कडेला बोटाचा केशरी ठसा होता. तिने वास घेतला. अष्टगंध.

एवढ्यात पूजा आटोपून नवरा तीर्थाची पळी घेऊन आला. त्याच्या अनामिकेचं टोक केशरी होतं.

"सापडला का दोष?"

तिने हात पुढे केला नाही.

"सापडला. आधी ते बोट धुऊन या."