लोढणं

राक्षस खांबाआड गेला आणि गेमचा कॅमेरा खांबावरच अडून बसला. पडद्यावर नुसता खांब. दादाने अंदाजानेच तलवार चालवली, दोन वार आडवे, एक उभा. खणकन आवाज आला, म्हणजे लागली. या जुन्या गेमचं हे असंच होतं. बटण दाबलं की तलवार खरोखर हातात असल्यासारखी फिरायची. नव्या गेममध्ये हे सुख नाही. पण ऐन मोक्याला कॅमेरा तोंड फिरवायचा, आणि मेलात की पुन्हा किल्ल्याच्या पायथ्यापासून श्रीगणेशा.

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि सुट्टीच्या दुपारी हा गेम लावून बसायचं, असं त्याचं चाललं होतं. आई-बाबा गेले, धाकटी बहीण लग्न करून दुसऱ्या गावी गेली, आणि घर त्याला खायला उठायचं. बहिणीचे फोनही आटत चालले होते. "बरा आहेस ना?" "बरा आहे." पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. गेम पुरा झाला तर तिला सांगायला काहीतरी होईल, एवढ्यासाठी तो इरेला पेटला होता.

लहानपणी हा गेम कधी पुरा झालाच नाही, आणि तेही तिच्यामुळे. दोघं खेळत असले तरी पडदा एकच. एक मागे रेंगाळला की दुसऱ्याला कडेच्या पुढे पाऊल टाकता यायचं नाही. दादा दाराशी ताटकळत उभा, आणि ही बया मागे कोपऱ्यातली मडकी फोडत बसलेली. मडक्यांत काही निघायचंही नाही.

"चल ना गं," तो ओरडायचा.

"थांब, मडकी राहिलीत," ती म्हणायची.

त्याने तिचं नावच लोढणं ठेवलं होतं.

आज पाय ओढायला कोणी नव्हतं. पुढच्या वाराला राक्षस कोसळला. तुतारी वाजली, अभिनंदनाच्या दोन ओळी आल्या आणि गेल्या. टाळी द्यायला त्याने हात उचलला. शेजारी उशी होती. त्याने तोच हात फोनकडे वळवला.

"काय लोढणं, किल्ला सर केला आज. तू नव्हतीस म्हणून जमलं."

"संपवलास?"

"संपवला म्हणजे काय, फडशा पाडला."

ती म्हणाली, "मला यायचं होतं रे दारापर्यंत. पण मी मुद्दाम मागे राहायचे. गेम संपला असता तर तू उठून मित्रांकडे गेला असतास."

इतकी वर्षं ज्यावरून तिला चिडवलं, ते असं निघावं याची दादाला लाज वाटली. तिकडे तिच्या दाराची बेल वाजली.

"कोणीतरी आलंय. चल, ठेवते," ती म्हणाली. "झाला ना एकदाचा तुझा गेम."

पडद्यावर गेम पुन्हा पायथ्याच्या पहिल्या दालनाशी येऊन थांबला होता. कोपऱ्यात सगळं जिथल्या तिथे होतं.

"थांब गं," दादा घाईघाईने म्हणाला, "मडकी राहिलीत."