छिन्नीचा हात

नर्स चंपा डाव्या मनगटाला औषध फासू लागताच महानंदाने हात ओढून घेतला.

"हा नाही. उजवा घ्या."

छातीवर कुणी जातं ठेवावं तशी कळ होती, पाठ घामाने टेबलाला चिकटली होती. पण आवाज खणखणीत. डॉक्टर शुभंकर पुण्याचे. सत्त्याण्णव साल होतं, आणि बेंगळुरूच्या त्या इस्पितळात मनगटाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेणारे ते एकटेच. बाकी सगळे जांघेतून जात.

"अक्का, उजवा वाचवतोय तुमचा. जेवणाचा, कामाचा हात. शिवाय डावीकडून वाट सरळ असते."

"माझं काम तुम्हाला काय ठाऊक? पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की टाकी लावून देते मी. येलहंका ते जे. पी. नगर, दारोदार. आता ग्राइंडरचे दगडपण." धाप लागून ती थांबली. "उजव्यात हातोडा. तो काय, कुणीही हाणील. छिन्नी डाव्यात असते. दगड कुठं कच्चा, कुठं पक्का, ते या बोटांना कळतं."

"शंभरात चार-पाच जणांचीच शीर नंतर बुजते. त्यांनाही बहुधा कळत नाही, दुसरी शीर हात सांभाळून घेते."

"त्या शंभरात छिन्नी धरणारी किती होती?"



काचेपलीकडून मोठे डॉक्टर पुरुषोत्तम माइकवर कडाडले, "शुभंकर, वाद कसला घालतोस? हार्ट अटॅक आहे तो! जांघेतून जा आणि मोकळा हो."

"हे कोण?" महानंदाने विचारलं.

"आमचे मोठे साहेब."

"त्यांना म्हणावं, स्वल्प थांबा. हात माझा, काळीजपण माझंच."

चंपा हसू दाबत उजव्या बाजूला गेली.

सुई उजव्या मनगटात शिरली. मागोमाग तार सरकली. कोपर, दंड, खांदा. खांद्यापुढे अडली. एक्स-रेच्या पडद्यावर तिचं वेटोळं झालेलं दिसलं. डॉक्टरांनी पुन्हा ढकलून पाहिली, पुन्हा वेटोळं.

"अक्का, इथं शीर नागमोडी आहे. वेळ चाललाय. आता तरी डावा द्या."

महानंदाने डावा हात उचलला. चंपा औषधाचा बोळा घेऊन पुढे झाली. महानंदाने तो हात स्वतःच्या पाठीखाली घातला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

"अडलं की ठोकायचं नसतं, डॉक्टर. मागं घ्या. फिरवा. मग पुढं."

डॉक्टरांनी तार मागे घेतली. त्यांच्या कपाळावरचा घाम चंपाने टिपला.

"मग छाती भरून श्वास घ्या, अक्का, आणि धरून ठेवा. त्याने वळण सुटतं. पण दुखेल."

"घेते."

श्वास घेताना कळ जबड्यापर्यंत चढली. डोळ्यांतून पाणी आलं. तिने छाती भरली आणि ओठ मिटून घेतले. पडद्यावरचं वळण हळूहळू सैल झालं. तार घसरत खाली उतरली आणि हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबली.

"सोडा आता श्वास."

महानंदाने सोडला नाही.

"अक्का, सोडा!"

तिने मिटल्या ओठांनीच मान हलवली आणि भुवई उडवून पडद्याकडे खूण केली: आधी दाखवा, तार कुठं पोचली ते.