मंद होणारे दिवे

श्रीरंग वारला, तरी नाटकाचे दिवे त्याच्याच हाताने चालत. दिवे कमी-जास्त करणाऱ्या डीएमएक्स कन्सोलने त्याच्या सगळ्या सवयी उचलल्या होत्या. बायको हेमांगी रंगमंचावर वाक्य विसरली, की तो दिवे हळूच मंद करून तिला सावरू द्यायचा. कन्सोलही तेच करायचा.

“काकू, रोज त्याच वाक्याला अंधार होतो. लोक कुजबुजतात,” ऑपरेटर शलाका म्हणाली. “कन्सोलमधला काकांचा हात पुसून टाकू?”

“नको. वाक्य मला पाठ आहे,” हेमांगी खाली बघत म्हणाली. “मी मुद्दाम थांबते. आजपासून नाही थांबणार.”

त्या प्रयोगात ती न अडखळता बोलत गेली. ते वाक्य ओठांवर आलं, तोच दिवे मंद झाले आणि तसेच राहिले, तिची वाट बघत.

आणि हेमांगीला खरोखरच वाक्य आठवेना.