गुलकंदाखालची गोळी

सुहासरावांच्या दंडावरची स्नायू मोजणारी पट्टी आजही तेच बोलली, "रक्तात वेदनाशामक. दुखणं न सोसता केलेला व्यायाम वाया. नवा स्नायू शून्य."

"थापा मारते मेली!" ते ओरडले. "सहा महिने गुडघे ठणकत असताना उठाबशा काढल्या. एक गोळी घेतली नाही!"

पाय लुळे पडलेल्या बायकोला, हेमलताबाईंना, सुहासरावांना एकट्याने उचलता आलं, तरच बाई घरी राहणार होत्या. आज वृद्धनिवासाच्या तपासनिसासमोर सुहासरावांना ते जमलं नाही. बाईंना न्यायला गाडी दारात उभी होती.

हेमलताबाईंनी पानाचा डबा जवळ ओढला. "अहो, मीच घालत होते. माझ्या दुखण्यावरच्या गोळ्या कुटून, रोजच्या विड्यात, गुलकंदाखाली. तुमचं कण्हणं ऐकवत नव्हतं."

सुहासराव खाटेवर त्यांच्याशेजारी टेकले.

"विडा कर," ते म्हणाले. "गोळी घालूनच कर. आता कुणासाठी सोसायचं?"