अकरावं नाव

"दार लावू नका," ओझेला म्हणाली. पण तोवर टेरेन्सने ते लोटलंही होतं.

"दोनच मिनिटं, मिस ओझेला. बाहेर टीव्हीवाले कान टवकारून बसलेत."

कोठडी तीच होती. आता भिंतींना नवा रंग फासला होता, एवढंच. साठ वर्षांपूर्वी थिएटरच्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या पुढच्या दाराने जाऊन तिकीट मागितलं म्हणून अकरा काळ्या मुलींना इथे कोंडलं होतं. ओझेला तेव्हा चौदाची होती. अजूनही घरी ती न्हाणीघराचं दारसुद्धा लावत नाही. पण हे या दोघांना कोण सांगणार!

दोघे म्हणजे डेमोक्रॅटांचा टेरेन्स मॅब्री, तिच्याच चर्चमध्ये तिच्याकडून बायबल शिकलेला. आणि रिपब्लिकनांचे क्लिफ्टन हॉलिस, गोरे, गोडबोले, कुणालाही नाही न म्हणणारे. निवडणूक दोन महिन्यांवर आलेली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोघे आज तिच्या खुर्चीच्या दोन्ही अंगांना उभे होते. मध्ये ती, मांडीवर चर्चची पांढरी टोपी धरून.

बाहेर अंगणात कापडाखाली त्या मुलींच्या आठवणीचा दगड होता. त्याचं आज अनावरण होतं. दगडावर दहा नावं होती. त्यातली पाच डेमोक्रॅट वाचणार, पाच रिपब्लिकन.

"मी सकाळीच कापड उचलून बघितलंय," ती म्हणाली. "वर्लीन कुठाय?"

टेरेन्सने हॉलिसांकडे बघितलं, हॉलिसांनी टेरेन्सकडे.

"मॅडम, कागदोपत्री वर्लीन बूकर तापाने गेली," हॉलिस म्हणाले. "तसं कोरायला आमची कुठे ना होती? पण यांना 'मारली' असंच हवं होतं. तुम्हाला कोंडणाऱ्या त्या शेरिफची नातवंडं याच गावात राहतात हो. त्यांनी काय तोंड दाखवायचं?"

"आणि ताप लिहिला असता तर मी काय तोंड दाखवायचं?" टेरेन्स उसळला. "माझे लोक मला चर्चची पायरी चढू देणार नाहीत."

"मग?"

"मग काय, वादाचं तेवढं बाजूला ठेवलं. एकमताने."

"वा रे वा! कधी नव्हे ते तुमचं एकमत झालं, आणि ते हिला वगळण्यावर?"

"शिवाय अकरा नावं झाली की एक जास्तीचं वाचायचं कुणी, तोही घोळ," हॉलिस पुटपुटले. "निवडणूक होऊ द्या, मॅडम. मग बघू."

"मी आहे का तोवर, ते आधी बघा."

तिला घाम फुटला होता.

"तापही नव्हता, रे. कुणी मारलंही नाही," ती म्हणाली. "पोटात दुखत होतं तिच्या. दोन दिवस गडाबडा लोळत होती. मी दार बडवत होते. कुणी उघडलं नाही. तेवढंच कोरा ना. दार उघडलं नाही."

यात कुणालाच मतं मिळणार नव्हती.

टेरेन्स तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. "मिस ओझेला, नीट ऐका. या दगडाच्या करारावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत. समारंभात वादाचा एक शब्द निघाला की सगळं रद्द. दगड आजच्या आज गोदामात जाईल. बाकीच्या मुलींची माणसं कुठून कुठून आलीत. त्यांनी हात हलवत परत जायचं का? तुम्ही फक्त गप्प राहा."

म्हणजे बोललं तर दहाजणी जाणार, गप्प बसलं तर एक. ओझेला दाराकडे बघत राहिली. दाराला हाताएवढं भोक होतं. जेलर रोज सकाळी तिथून नावं घ्यायचा. अकरा वेळा "हजर" आलं नाही तर कुणालाच पाव मिळायचा नाही. वर्लीनला उचलून नेलं, पण कागदावरचं तिचं नाव खोडायला कुणी आलं नाही. पुढे नऊ दिवस मुली पाळीपाळीने तिच्या नावाला हजर म्हणत राहिल्या आणि तिचा पाव वाटून खात राहिल्या. त्या पावाची ओझेलाला आजही लाज वाटते.

"दार उघड, टेरेन्स."

"आधी शब्द द्या."

"दिला. वादाचं काही बोलणार नाही. उघड आता, बाबा."

बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. चर्चच्या म्हाताऱ्या बायका पांढऱ्या पोशाखात पहिल्या रांगेत बसून पुठ्ठ्याचे पंखे हलवत होत्या. हॉलिसांचं भाषण झालं, टेरेन्सचं झालं. दोघांनीही "जखमा" म्हटलं, दोघांनाही टाळ्या मिळाल्या. मग कापड ओढलं आणि नावं वाचायला सुरुवात झाली. एक नाव हा घेई, एक तो. ज्या हयात होत्या त्या स्वतः उठत. ज्या गेल्या त्यांची लेक किंवा नातू उठून "हजर" म्हणे. लोक रडत होते.

नऊ नावं झाली. दहावं टेरेन्सच्या वाट्याचं होतं.

"ओझेला क्रूज!"

ओझेला खुर्चीचा हात धरून उठली. टोपी सारखी केली.

"वर्लीन बूकर," ती म्हणाली. "हजर."

पंखे थांबले. पहिल्या रांगेतल्या एकीने तोंडावर हात ठेवला. हॉलिस हातातला कागद उलटसुलट करून बघू लागले. टेरेन्स माईकवर वाकला, कसंनुसं हसला. म्हातारीला उन्हाचा त्रास झाला असावा, अशा आवाजात त्याने पुन्हा विचारलं, "मिस ओझेला, तुमचं नाव घेतलं मी. ओझेला क्रूज?"

"ती आतच आहे अजून," ओझेला म्हणाली. "दार उघडलं नाही कुणी."